एक नंबरला कोंडाणे

समिधाचं लग्न ठरलं तेव्हा घरातल्या तिघांना तीन काळज्या लागल्या. आईला मानपानाची, समिधाला शालूच्या रंगाची, आणि थोरल्या भावाला, म्हणजे योगेंद्रला, नेव्हिगेटरची.

हा नेव्हिगेटर म्हणजे मोटरसायकलच्या हँडलवर बसवलेलं, रस्ता दाखवणारं यंत्र. योगेंद्रने ते दिवाळीत घेतलं होतं. त्याचा जन्म पोशीरचा, शाळा नेरळची, कॉलेज कर्जतचं आणि नोकरी खोपोलीच्या कंपनीत. या पट्ट्यातल्या प्रत्येक खड्ड्याशी त्याची घरच्यासारखी ओळख होती. पण लग्न आटोपलं की मित्रांबरोबर गाडीवरून कच्छला जायचं ठरलं होतं, तिथे सगळ्यांच्या पुढे त्याची गाडी राहणार होती, आणि त्याआधी यंत्राची तालीम घरच्या रस्त्यांवर करावी असं त्याच्या मनात होतं. पत्रिका वाटायचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलं, तेव्हा आईला पोराचं कौतुक वाटलं. खरं कारण कळल्यावर ते ओसरलं.

"पोशीरपासनं कोंडाण्याला जायला तुला मशीन लागतं?" जयाबाई म्हणाल्या. "तुझा आजा बैलगाडीत झोपून जायचा. बैल बरोबर दारात नेऊन उभा करायचा."

"आई, बैलाला मधेच थांबे वाढवता येत नव्हते."

यात मात्र तथ्य होतं. पत्रिका द्यायला आलेल्या माणसाला आपल्याकडे कुणी सरळ जाऊ देत नाही. चहा होतो, पाणी होतं, आणि मग, "आलाच हाईस तर पलीकडच्या आळीत आपल्या काशीच्या दिरालाही एक दे, न्हायतर बरं नाय दिसणार," असं होतं. म्हणजे घरून निघताना दहा घरं असली तर वाटेत ती वाढत जाणार. नेव्हिगेटरच्या एवढ्याशा पडद्यावर एक पत्ता टाकेपर्यंत मंगळाष्टकं सुरू व्हायची. त्यासाठी रस्ता दुसऱ्या एखाद्या मोठ्या पडद्यावर आखायचा आणि मग यंत्राला पाठवायचा, अशी रीत होती. प्रश्न एवढाच होता की प्रवासात बरोबर न्यायचं ते दुसरं यंत्र कोणतं?

आईच्या लेखी प्रश्न वेगळाच होता.

"हे बघ, पयली अक्षत देवीला आणि मग गजाला. गजाच्या हातात पत्रिका पडेपर्यंत पिशवीतली दुसरी बाहेर काढायची नाय. वास्तुशांतीला काय झालं ते इसरू नको."

ते कुणीच विसरलं नव्हतं. घराच्या वास्तुशांतीचं आमंत्रण योगेंद्रने चंद्रा आत्याला आधी दिलं आणि गजा मामाला नंतर. मामा आले, दारातूनच हात जोडले, आहेर ठेवला आणि घोटभर पाणीही न पिता गेले. त्यानंतर पावसाळा संपेपर्यंत ते सख्ख्या भाच्याला 'तुम्ही' म्हणत होते. मामांच्या रागाची खूण तीच. ते कधी ओरडत नसत, भांडत नसत. एरवी ज्याला 'गाढवा' म्हणून हाक मारायचे, त्याला 'या, बसा' म्हणायला लागायचे, आणि ऐकणाऱ्याला घाम फुटायचा.

आणि या वेळी गंमत नव्हती. समिधा शाळेत असतानाच वडील गेले. तिच्या सायकलपासून ते कॉलेजच्या प्रवेशापर्यंत प्रत्येक वेळी मामा कोंडाण्याहून येऊन उभे राहिले होते. "मला मांडवात मामाच आणणार," समिधाने सांगून टाकलं होतं. "ते रुसले तर मी खोलीतून बाहेरच येणार नाही. मग तू बस बोहल्यावर." बोलताना ती हसत होती, पण डोळे हसत नव्हते. योगेंद्रला ते दिसलं आणि त्याने मनातल्या मनात शपथ घेतली.

मग त्याने तालीम सुरू केली. आधी फोनवर रस्ता आखून पाहिला. पण योगेंद्रची बोटं मामांच्या घराण्यातली, नांगराच्या मुठीला शोभणारी. कोंडाण्यावर खूण करायला जावं तर ती उल्हास नदीत पडायची. कशीबशी काठावर आणून ठेवली तर नेमका चंद्रा आत्याचा फोन यायचा, "जेवनाचं ठरलं का रं?" आणि तो संपेपर्यंत आखलेला रस्ता गायब झालेला असायचा.

मग ऑफिसचा लॅपटॉप. पडदा ऐसपैस होता, पण गाडीवर न्यायचा म्हणजे मूल कडेवर घेऊन फिरण्यासारखं. तालमीच्या दिवशी तो त्याने पत्रिकांच्या पिशवीतच घातला. कशेळ्याच्या गतिरोधकावर करंड्याचं झाकण उघडलं आणि कुंकू लॅपटॉपच्या अंगभर झालं. सोमवारी साहेबांनी तो पाहिला आणि विचारलं, "दसरा तर होऊन गेला ना?"

शेवटी तो नेरळला संतोषच्या मोबाइलच्या दुकानात गेला. संतोष हा त्याचा शाळेतला मित्र. त्याने काचेच्या कपाटातून एक बेताचा टॅब काढून समोर ठेवला.

"हा घे. फोनचा थोरला भाऊ, लॅपटॉपचा धाकटा. मधला. घरात याला कोण विचारत नाय, पण काम हाच करतो."

टॅब खरोखर बरा होता. पिशवीत मावत होता, मांडीवर जड होत नव्हता, आणि मामांच्या घराण्यातलं बोटही त्यावर नदीत पडत नव्हतं. संतोषने त्याची भाषा मराठी करून दिली आणि दम भरला, "आता मशीन सांगेल तसं जायचं. मधे आपलं डोकं लावलंस, तर कच्छात पाणी मागत फिरशील."

ठरलेल्या सकाळी योगेंद्रने देवीपुढे पत्रिका ठेवली, आईच्या पाया पडला आणि निघाला. यादीत पहिलं नाव कोंडाणे, मग बाकीची. इथपर्यंत सगळं जिथल्या तिथे होतं.

नेरळला टॅबसाठी कव्हर घ्यायला तो संतोषकडे थांबला आणि आपल्याकडे होतं तेच झालं. संतोष म्हणाला, "पळसदरीला माझा सासरा हाय, तुझ्या बाबांचा दोस्त. त्याला एक दे ना." पळसदरी घातली. तेवढ्यात आईचा फोन आला, "खोपोलीची सोमी मावशी राह्यली रं." खोपोली घातली. नकाशावरची रेघ आता ताटात सांडलेल्या शेवयांसारखी दिसायला लागली.

"हे बटण काय हाय?" संतोषने बोट ठेवलं. बटणावर लिहिलं होतं, 'थांबे सोयीच्या क्रमाने लावा'. योगेंद्रने ते दाबलं. क्षणात शेवयांचा गुंता सुटला आणि नेरळ, चौक, खालापूर, खोपोली, पळसदरी, कर्जत अशी एक सुरेख माळ तयार झाली. दोघेही तिच्याकडे कौतुकाने बघत राहिले. सोय कुणाची, हे बटणावर लिहिलेलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. रस्ता नेव्हिगेटरला पाठवला आणि योगेंद्रने हेल्मेट चढवलं.

कर्जतच्या चार फाट्यावर राजमाचीचा डोंगर समोर उभा होता आणि त्याच्या पायथ्याशी मामा. लहानपणापासून इथे गाडी त्या बाजूला वळायची. नेव्हिगेटर मात्र म्हणाला, चौककडे चला. योगेंद्र गोंधळला. पण यादीत पहिले मामाच होते, म्हणजे यंत्र मामांकडेच नेत असणार, फक्त नवा रस्ता दाखवत असणार, असा त्याने विचार केला. आजोबा, वडील आणि आपण उगाचच इतकी वर्षं फाट्यावरून वळत होतो, याचं त्याला थोडं वाईटही वाटलं. चौक गेलं. हायवे आला. तरी त्याची श्रद्धा ढळली नाही. श्रद्धा ढळली ती खालापूरच्या एका ओळखीच्या गल्लीत, एका ओळखीच्या तुळशीवृंदावनासमोर, जेव्हा नेव्हिगेटर गोड आवाजात म्हणाला, "तुम्ही मुक्कामी पोहोचला आहात."

ते चंद्रा आत्याचं घर होतं.

योगेंद्रने इंजिन बंद केलं आणि पायांनीच गाडी हळूहळू मागे ढकलायला लागला. तो गल्लीच्या तोंडापर्यंत पोहोचलाही असता. पण आत्या गच्चीवर पापड वाळत घालत होत्या.

"अरं योगू! उलटा कुठं चाललास? थांब, आले!"

आत्या खाली आल्या. त्यांची नजर भाच्यावर नव्हती, पिशवीवर होती. पत्रिकांचा गठ्ठा न सुटलेला, करंडा भरलेला. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला भरलेला करंडा काय सांगतो, ते वेगळं सांगायला नको.

"म्हंजे पयली माझीच?" आत्यांचा आवाज एकदम ओला झाला. "माझ्या भावामागं माझी आठवन ठेवलीस रं बाबा. नायतर हितं समदं मामा मामाच चालतं."

यावर कोणता भाचा 'नाही, मी चुकून आलो' म्हणेल? योगेंद्रने पत्रिकेला कुंकू लावलं, अक्षता ठेवल्या आणि आत्यांच्या पाया पडला. आत्यांनी डोळे पुसले, फोन काढला, पत्रिकेचा फोटो घेतला आणि योगेंद्र कोंडीत सापडल्यासारखा बघत असतानाच तो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकूनही दिला. खाली लिहिलं, 'पयला मान आत्याचा. भाचा असावा तर असा.'

ग्रुपवर भराभर हात जोडलेली चित्रं आली. फुलं आली. मामांनी तो फोटो पाहिल्याची खूण आली. मामांचं उत्तर मात्र आलं नाही.

आलं ते समिधाचं. तिने फोनच केला. "दादा, तू खालापूरला काय करतोयस?"

"मशीनने क्रम बदलला गं."

"मग मशीनलाच सांग मला मांडवात आणायला," ती रडक्या आवाजात म्हणाली आणि तिने फोन ठेवला. रागावली असती तर परवडलं असतं.

मग मात्र त्याने नेव्हिगेटर बंद केला आणि वाटेतलं एकही घर न घेता, आजोबांच्या बैलाच्या सरळपणाने तो कोंडाण्याला गेला. अंगणाच्या कोपऱ्यात गाडी लावली. समोर ओटीच्या ज्या टोकाला फोनची रेंज यायची, नेमके तिथेच मामा बसले होते.

"या योगेंद्रराव," मामा म्हणाले. "ऊन फार हाय. दमला असाल तुमी. अगं, पावन्यांना पानी आन."

पावन्यांना! मामी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि हळूच पुटपुटली, "सकाळपासनं नवा सदरा घालून बसलेत तुझी वाट बघत."

हे ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सदरा खरंच कोरा होता, घड्या अजून मोडल्या नव्हत्या. "गाडीला स्टँड नीट लावून येतो," असं म्हणून तो अंगणात गेला, गाडीच्या आडोशाला उकिडवा बसला आणि टॅब उघडला. रेंज नव्हती, पण सकाळची माळ पडद्यावर तशीच होती. पहिलं खालापूर, शेवटी कोंडाणे. त्याची बोटं इकडेतिकडे चाचपडली, आणि कोपऱ्यात त्याला आणखी एक बटण दिसलं. 'मार्ग उलटा करा'. दाबलं. माळ तीच राहिली, पण तिचं शेपूट तोंड झालं. एक नंबरला कोंडाणे, सगळ्यात शेवटी खालापूर.

तो ओटीवर आला. "मामा, हे बघा. आम्ही यादी केली त्यात पहिले तुम्हीच. हे इथं. मशीनच उलटं धावलं, त्याला मी काय करू?"

मामांनी चष्मा लावला. टॅब हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. नकाशावर राजमाचीच्या पायथ्याशी गोल होता आणि त्या गोलात ठळक एक.

"ह्ये कोंडानं?"

"हो."

"आनि ह्यो एक म्हंजे पयला?"

"पहिलाच."

"आनि ती खालापूरची?"

"ती... ती शेवटी."

मामांचा चेहरा हळूहळू उजळला. "ह्ये वरनं उपग्रहातनं ठरतं म्हनत्यात. म्हंजे त्यात कुनाचा वशिला नसतोय," ते मामीला म्हणाले. "फोटो काढ गं." मग कोऱ्या सदऱ्यात, छातीशी टॅब धरून, मामांनी फोटो काढून घेतला आणि ग्रुपवर पाठवला. खाली एवढंच लिहिलं, 'एक नंबर कोंडाणे.' पत्रिका घेतली, अक्षता कपाळाला लावल्या आणि म्हणाले, "गाढवा, जेवून जा."

गाढवा! हा शब्द इतका गोड लागेल असं योगेंद्रला कधी वाटलं नव्हतं. मामीच्या हातची भाकरी त्याने एक जास्तच खाल्ली.

हात धुवून होतात तोच फोन वाजला. आत्या.

"मी शेवटली? साखर पेरल्यागत गोड बोलून गेलास आनि मी शेवटली? त्यो फोटो मोठा करून बघितला मी. खालापूर समद्यांच्या मागं! मला नको तुझी पत्रिका. घेऊन जा परत."

त्यांच्या मागोमाग कर्जतचे नामा काका. "आमी मधेच कुटंतरी लोंबकळतोय म्हनं?" मग खोपोलीची सोमी मावशी, जिला सकाळपर्यंत कुणी बोलावलंही नव्हतं. "न्हाई म्हंजे, माझा नंबर कितवा ते सांग, मग मी यायचं बघते."

योगेंद्रने टॅबकडे पाहिलं. यादीतलं कोणतंही नाव बोटाने धरून वर ओढता येतं, हे त्याला एव्हाना कळलं होतं. त्याने दीर्घ श्वास घेतला आणि नेव्हिगेटर न लावता निघाला. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी तो थांबायचा, नाव धरून वर ओढायचा आणि मग दारात जायचा. खोपोलीत खोपोली पहिली. पळसदरीत संतोषचे सासरे पहिले. कर्जतमध्ये नामा काका पहिले. खालापुरात आत्यांनी टॅब डोळ्यांजवळ नेला, नखाने 'एक'वर टकटक केलं आणि विचारलं, "मग कोंडान्याच्या फोटूत त्यो पयला कसा?"

"आत्या, तो फोटो जुना. हे ताजं आहे."

ताजं म्हटल्यावर आत्या निवल्या. त्यांनीही फोटो काढला. दिवेलागणीला योगेंद्र घरी आला तेव्हा ग्रुपवर छातीशी टॅब धरलेल्या नातेवाइकांची रांग लागली होती, आणि रांगेतला प्रत्येक जण पहिला होता.

जयाबाईंनी ते सगळे फोटो एकेक करून पाहिले. "एवढी मोठी मानसं," त्या म्हणाल्या, "आनि नंबरासाठी ही लहान पोरासारखी फोटो काढून घेत्यात. शोभतं का?"

लग्नाच्या दिवशी सगळे आले. मामा सूर्य वर येण्याआधीच आले. समिधाने त्यांना पाहिलं आणि मेकअपची पर्वा न करता रडली. मामांनी तिचा हात धरून तिला मांडवात आणलं, तेव्हा त्यांच्या अंगावर तोच सदरा होता. अंतरपाटाच्या पलीकडे आत्या उभ्या होत्या. दोघांची नजरानजर झाली. दोघांनीही एकमेकांना अशी मान तुकवली, जशी पहिल्या नंबरचा माणूस दुसऱ्या नंबरच्या माणसाला तुकवतो.

पंगती उठल्यावर मामांनी योगेंद्रला बाजूला घेतलं.

"तू त्या दिशी गाडीमागं बसून बोटं फिरवत होतास ना, ते ओटीवरनं दिसत होतं मला."

योगेंद्रचा विडा तोंडातच राहिला. "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"रुसून बसायला काय लागतंय रं? पन उठायला कायतरी निमित्त लागतं. कुनी दिलंच नाय, तर बसूनच राहतो मानूस," मामा म्हणाले. मांडवात समिधा नवऱ्याबरोबर फोटोला उभी होती, तिच्याकडे ते क्षणभर बघत राहिले. "पोरीला मी आनायची म्हनून वर्सभर मनात धरून होतो. तू निमित्त घेऊन आलास. खोटं का हुईना, आलास." मग त्यांनी घसा साफ केला. "त्ये मशीन मला दे आता. वैशाखात आमच्या पोराचं, स्वराजचं लग्न काढतोय. पत्रिका मी सोता वाटनार."

नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. टॅब कोंडाण्याला गेला. योगेंद्र कच्छला गेला तो फोनवर नदीत खुणा पाडत आणि टपरीटपरीवर पाणी मागत.

वैशाखातल्या एका सकाळी मामा पोशीरला आले. सख्ख्या बहिणीला आमंत्रण द्यायचं म्हणून फेटा बांधला होता, पिशवीत कुंकवाचा करंडा होता आणि काखेत टॅब. जयाबाईंनी पाट मांडला, आणि "ती थेरं माझ्याफुडं नको. मला ठाऊक हाय त्यात काय असतं," असं म्हणाल्याही. पण मामांनी टॅब पुढे धरला तेव्हा त्यांची नजर गेलीच. एक नंबरला पोशीर.

जयाबाईंनी पदराने पडदा पुसला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आत हाक मारली, "योगू, तुझा फोन घेऊन ये. एक फोटो काढ रं."

"थांब, नीट दिसू दे तुला," मामा कौतुकाने म्हणाले आणि पोशीर मोठं करून दाखवायला त्यांनी आपलं नांगराच्या मुठीला शोभणारं बोट पडद्यावर ठेवलं.

ते बोट कोणत्या बटणावर पडलं, ते योगेंद्रला फोन घेऊन बाहेर येता येताच दिसलं. नावं एकदा थरथरली आणि सोयीच्या क्रमाने बसली. एक नंबरला खालापूर. पोशीर कुठेतरी खाली, कशेळ्याच्याही नंतर.

जयाबाई सावकाश उठल्या, भावाकडे पाहून फार गोड हसल्या आणि म्हणाल्या, "ऊन फार हाय. पानी घेता ना, गजाननराव?"

मामांनी घाबऱ्याघुबऱ्या टॅब योगेंद्रच्या हातात कोंबला. योगेंद्र अंगणात गेला आणि गाडीच्या आडोशाला उकिडवा बसला.